पाचशे की सहाशे? लांब लेन्स निवडतानाचा माझा अनुभव

तीन वर्षं मी ७०–३०० मिमीच्या लेन्सवर पक्षी टिपत होते (मिमीचा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ; तो जितका मोठा तितका पक्षी मोठा दिसतो). टिपत होते असं आपलं म्हणायचं. फ्रेममध्ये झाड छान यायचं, आभाळही यायचं, आणि मध्ये कुठेतरी वेडा राघू नावाचा हिरवा ठिपका. तो ठिपका कॉम्प्युटरवर मोठा केला की पिसांच्या जागी नुसता लगदा. शेवटी ठरवलं, लांब लेन्स घ्यायचीच, आणि घ्यायची तर सगळ्यात शार्प असेल ती.

हे ‘सगळ्यात शार्प’ प्रकरण मला चार महिने पुरलं.

पहिलं काम मात्र न ठरवताच शहाणपणाचं झालं. जुन्या लेन्सचे वाया गेलेले फोटो मी पुसले नव्हते. एका रविवारी ते उघडून बसले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: हा का बिघडला? पक्षी धूसर पण मागची फांदी शार्प, म्हणजे फोकस चुकला. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं, म्हणजे हात हलला. फांदी शार्प, पाय शार्प, फक्त डोकं पुसलेलं, म्हणजे पक्ष्यानं मान वळवली आणि शटर स्पीड कमी पडला. काही फोटोंत सगळं नीट होतं, पण पक्षीच एवढासा की मोठा केल्यावर हाती काही लागत नव्हतं. काचेलाच दोष द्यावा असे फोटो शोधून शोधून बोटांवर मोजण्याइतके निघाले. ते मला तेव्हा रुचलं नाही. वही मिटली आणि लेन्स शोधायला लागले.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट दिसली, ती मात्र लगेच पटली. जवळजवळ सगळे फोटो ३०० वरच काढलेले होते. मधले आकडे नावाला. म्हणजे झूम लेन्स कोणतीही घेतली तरी मी राहणार तिच्या शेवटच्या टोकाला. त्यामुळे १५० वर ती किती शार्प आहे, याचं कौतुक मला काय करायचंय? परीक्षणं वाचताना ते सगळे तक्ते मी सरळ ओलांडून जायला लागले.

मग गणित मांडलं. चिमणीएवढा पक्षी, चोच ते शेपूट साधारण १५ सेंटिमीटर, १५ मीटरवर बसला आहे. म्हणजे अंतर त्याच्या लांबीच्या १०० पट. अशा वेळी सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, त्याची प्रतिमा पडते ती लेन्सच्या फोकल लेंग्थच्या शंभराव्या भागाएवढी: ३०० मिमीला ३ मिमी, ५०० ला ५, ६०० ला ६. माझा कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवाला डीएसएलआर, आत आरसा असलेला, सेन्सर २३.५ मिमी रुंद, त्यावर आडवे ५,५६८ पिक्सेल. दर मिलिमीटरला सुमारे २३७. म्हणजे ३०० वर अख्खा पक्षी जेमतेम ७१० पिक्सेलांत, ५०० वर ११८५, ६०० वर १४२०. लगदा कुठून येतो ते कळलं. पण याच गणिताची दुसरी बाजू जरा टोचली. ३०० मिमी घेऊन मी १५ ऐवजी ९ मीटरवर पोचले असते, तरी प्रतिमा ५ मिमीचीच पडली असती.

माझ्या निकॉनला बसणाऱ्या झूम लेन्स तेव्हा मुख्यतः चार डोळ्यांसमोर होत्या. निकॉनची स्वतःची २००–५००, पूर्ण झूमभर एफ/५.६ (हे ॲपर्चरचं माप, म्हणजे उजेड आत येण्याच्या भोकाचं; आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), वजन २.३ किलो. टॅमरॉनची १५०–६०० जी२, दोन किलोच्या आसपास. सिग्माच्या दोन १५०–६००: काँटेम्पररी १.९३ किलोची आणि स्पोर्ट्स २.८६ किलोची. या तिन्ही १५०–६०० शेवटच्या टोकाला एफ/६.३ होतात. ५.६ आणि ६.३ यांत फरक फक्त एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), त्यावरून घरात भांडण होऊ नये. पण माझ्यासारख्या डीएसएलआरचे बहुतेक फोकस पॉइंट एफ/५.६ गृहीत धरून बनवलेले असतात, हे कळल्यावर तो तृतीयांश मला जरा मोठा वाटायला लागला. ६.३ ला फोकस होत नाही असं नाही, होतो. संधिप्रकाशात मात्र लेन्स पुढे-मागे चाचपडायला लागली की पक्षी काही थांबत नाही.

एफ/४ ची ६०० मिमी प्राइम (झूम न होणारी लेन्स) का नाही, असाही एक दिवास्वप्नी विचार होऊन गेला. ६०० ला ४ ने भागा: १५० मिमी. म्हणजे पुढची काच निदान एवढ्या व्यासाची हवीच. ६.३ ने भागलं तर ९५. झूम लेन्स आवाक्यात का असतात आणि त्या प्राइम का नसतात, ते या एका भागाकारात आहे. शिवाय ६०० मिमी माझ्या कॅमेऱ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम पावणेतीन अंशांचा तुकडा दाखवते. एवढ्या फटीतून पानांत दडलेला शिंपी शोधायचा म्हणजे दिव्यच. झूमला २०० वर आणून पक्षी शोधता येतो आणि मग ५०० वर जाता येतं. हा फायदा कुठल्याच तक्त्यात नव्हता आणि रोजच्या वापरात तोच सगळ्यात मोठा ठरला.

वजनाची परीक्षा मी घरीच घेतली. दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली दोन्ही हातांनी डोळ्यांपाशी धरायची, डावा हात खालून, कोपरं बरगड्यांना टेकवून. एक मिनिट काहीच वाटत नाही. तीन मिनिटांनी बाटलीतलं पाणी थरथरताना दिसतं. ती थरथर म्हणजेच माझा सॉफ्ट, म्हणजे धूसर, फोटो! मग बाटलीला पाऊण किलोचं पुडकं बांधलं, कॅमेऱ्याचं वजन म्हणून, आणि तेच पुन्हा. पुढे वजन वाढवत स्पोर्ट्सपर्यंत गेले, कॅमेऱ्यासकट साडेतीन किलोच्या वर, आणि तिचं नाव यादीतून खोडलं. ती लेन्स वाईट नव्हे. मी ट्रायपॉड घेऊन फिरणारी नाही, आणि माझे दंड जसे आहेत तसे आहेत.

आता उरल्या त्यातली एक, कोणती ते सांगत नाही, तीन दिवसांसाठी भाड्यानं आणली. पहिल्याच सकाळी धक्का. माझ्या ३०० पेक्षाही सॉफ्ट! मनात आलं, झालं, ही बाद. संध्याकाळी शांतपणे नीट चाचणी घेतली. परीक्षणांत लोक विटांच्या भिंतीचे आणि वर्तमानपत्राचे फोटो काढतात. मी पारव्याचं गळलेलं पीस झाडाच्या सालीवर खोचलं आणि १२ मीटरवर कॅमेरा भक्कम आधारावर ठेवला. पिसाचे बारीक तंतू वेगवेगळे दिसतात की एकमेकांत मिसळतात, हेच तर मला बघायचं होतं.

एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) फोकस करून, एक लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून), असे आळीपाळीनं घेतले. लाइव्ह व्ह्यूचे फोटो इतके स्वच्छ की तंतू मोजावेत. व्ह्यूफाइंडरचे सगळे सॉफ्ट, आणि पिसाच्या अलीकडचं गवत मात्र शार्प. म्हणजे काच निर्दोष होती. कॅमेरा आणि लेन्स यांच्या जोडीचा फोकस अलीकडे पडत होता. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि फोटो घेणारा वेगळा असतो, त्यामुळे ही तफावत येऊ शकते. मिररलेस कॅमेरा मुख्य सेन्सरवरच फोकस जुळवतो, तिथे हा घोळ नसतो. माझ्या कॅमेऱ्यात एएफ फाइन ट्यून आहे, म्हणजे फोकस थोडा अलीकडे-पलीकडे सरकवायची सोय. दोन-तीन आकडे बदलून बघितल्यावर १२ मीटरला फोकस पिसावर आला, पण ५ मीटरला परत थोडा सरकला. कॅमेरा एका लेन्ससाठी एकच आकडा लक्षात ठेवतो. सिग्माचा यूएसबी डॉक किंवा टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल (लेन्स कॉम्प्युटरला जोडायची उपकरणं) असेल, तर वेगवेगळ्या अंतरांसाठी वेगळे आकडे लेन्समध्येच भरता येतात. किती लोकांनी हे न बघता चांगल्या लेन्स सॉफ्ट म्हणून विकल्या असतील, देव जाणे. मीही त्याच वाटेवर होते.

त्याच पिसावर आणखी दोन गोष्टी उलगडल्या. पुढे लावलेला स्वस्तातला संरक्षक फिल्टर काढला, तर फोटो उजळल्यासारखा झाला आणि मागच्या धूसर काड्यांची जी दुहेरी रेघ दिसत होती ती गेली. ३०० वर हा फरक मला कधी जाणवला नव्हता. लांब फोकल लेंग्थला काचेतली प्रत्येक उणीव मोठी होऊन दिसते. तेव्हापासून फिल्टर नाही, फक्त हूड (तिरपा उजेड अडवणारी पुढची नळी). दुसरं, ६०० वर एफ/६.३ ऐवजी एफ/८ केलं की तंतू आणखी सुटे झाले. म्हणजे पूर्ण समाधानासाठी मला दोन तृतीयांश स्टॉप उजेड आणखी लागणार, आणि तो आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) वाढवून किंवा शटर मंद करून भरायचा. हा हिशोब निवडीत धरायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तळ्याकाठी गेले. पलीकडच्या काठावर वंचक, अगदी पुतळा. शटर सेकंदाचा २००० वा भाग, आधार पक्का, फोकस दुरुस्त केलेला. ओळीनं दहा फोटो काढले. एक बरा, तीन सॉफ्ट, बाकीचे पाण्याखालून काढल्यासारखे. सेटिंग तीच, पक्षी तोच, मग प्रत्येक फोटो वेगळा कसा? कारण मधली हवा उकळत होती. तापलेल्या जमिनीवरून वर जाणाऱ्या हवेचे थर प्रकाश वाकवतात, आणि जितकं अंतर जास्त तितकी ती हवा मध्ये जास्त. यावर कोणतीच लेन्स इलाज नाही. महागडी लेन्स तीच हवा जास्त तपशिलात दाखवते. ओळीतले फोटो एकमेकांपेक्षा वेगळे दिसले की हवा, सगळे सारखेच सॉफ्ट असले की फोकस किंवा काच, अशी खूणगाठ मी बांधली.

तिथेच एक काका भेटले. वयस्कर, गळ्यात दुर्बीण, कॅमेऱ्यावर जुनी ३०० मिमी एफ/४. त्यांनी स्क्रीनवर खंड्याचा फोटो दाखवला. डोळ्यात आभाळाचं प्रतिबिंब होतं. मी विचारलं, “काका, यावर पक्षी मोठा दिसायला कन्व्हर्टर लावलाय का?”

“नाही गं. जवळ होता तो.”

“मला तर कधीच जवळ येऊ देत नाही.”

“तू मगाशी सरळ उभी चालत आलीस काठानं. इकडे ये, खाली बस. आणि आता वीस मिनिटं काही करू नकोस.”

वीस मिनिटं काही न करणं मला जमलं नाही, बारा जमली. त्या बारा मिनिटांत टिटवी आली.

निवड शेवटी फार नाट्यमय झाली नाही. मी २००–५०० घेतली. कारणं सांगते, ती माझी आहेत. ५०० वर पूर्ण उघड्या एफ/५.६ लाच मला हवे तेवढे तंतू सुटे दिसले, त्यामुळे एफ/८ चा हिशोब टळला. फोकस माझ्या कॅमेऱ्यावर दुरुस्तीशिवाय बरोबर पडत होता. आणि ५०० व ६०० मधला फरक, म्हणजे ११८५ पिक्सेल आणि १४२० पिक्सेल, मी तीन पावलं पुढे सरकून भरून काढू शकत होते. उडते पक्षी ज्यांचा जीव की प्राण आहेत, किंवा ज्यांना दलदलीच्या काठाबाहेर पाऊलच टाकता येत नाही, त्यांनी ६०० घ्यावी, मी वाद घालणार नाही. मात्र घेण्याआधी आपल्याच कॅमेऱ्यावर, नेमकी हातात येणारी तीच लेन्स, शेवटच्या टोकाला आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरला तपासावी. एकाच मॉडेलच्या दोन लेन्सही तंतोतंत सारख्या नसतात.

पहिल्या महिन्यात लेन्सपेक्षा सवयीच जास्त बदलल्या. बसलेल्या पक्ष्यालाही शटर १००० वा भाग, उडत्याला २००० किंवा त्याहून वेगवान, आणि आयएसओ जाईल तिथे जाऊ द्यायचा. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. स्टॅबिलायझेशन माझा हात सावरतं, बुलबुलाची मान नाही सावरत, हे जुन्या फोटोंनी आधीच सांगितलं होतं. फोकसचा एकच पॉइंट डोळ्यावर, कारण ५०० मिमीला एफ/५.६ वर ८ मीटरवरच्या पक्ष्याची जेमतेम सहा सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते. चोच आपल्याकडे असेल तर शेपटी जाणारच, ती जाऊ द्यावी.

फोकस लिमिटरचंही मला फार कौतुक वाटलं होतं. लेन्सवर एक छोटं बटण: सहा मीटरच्या अलीकडे बघूच नको. त्यामुळे चाचपडणं कमी होतं आणि लांबचा पक्षी झटकन सापडतो. मी ते लावून ठेवलं आणि विसरले.

परवा सकाळी तळ्याकाठी चिखलात पोटावर पडून होते. उजेड उत्तम, हवा गार. पंधरा मिनिटं हलले नाही, काकांना अभिमान वाटला असता. एक धोबी शेपटी हलवत, किडे टिपत माझ्याच दिशेनं चालत आला. दहा मीटर. सात. पाच. चार मीटरवर दगडावर चढून थांबला, बाजूनं ऊन, अख्खी फ्रेम भरलेली. शटर अर्धं दाबलं. लेन्स गुरगुरली आणि धूसर राहिली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता डाव्या अंगठ्यानं बटण चाचपत राहिले, आधी स्टॅबिलायझेशन बंद केलं, मग मॅन्युअल फोकस लावला, आणि लिमिटर सापडेपर्यंत धोबी पलीकडच्या काठावर पोचला होता.