आमची वाटचाल : दस्ता, इपॉक्सी आणि डायलचा काटा

रायफलच्या दस्त्याचे बेडिंग, म्हणजे रायफलचा धातूचा भाग लाकडी दस्त्यात इपॉक्सीच्या (ओतल्यावर कडक होणाऱ्या राळेच्या) थरावर नेमका बसवणे, एवढेच काम करणारा आमचा व्यवसाय घरामागच्या खोलीत सुरू झाला. लाकूड आणि इपॉक्सी माझ्याकडे, गिऱ्हाइके आणि हिशेब भागीदारांकडे, अशी विभागणी होती. पुढची बरीच वर्षे काम मिळत गेले, यापलीकडे त्यांत सांगण्यासारखे काही नाही.

भागीदार वेगळे झाले आणि ‘सकाळी द्या, संध्याकाळी न्या’ अशी जाहिरात करून त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. आम्ही पोलादाची पूड मिसळलेले, पूर्ण घट्ट व्हायला २४ तास घेणारे इपॉक्सी वापरत होतो. त्यांनी ५ मिनिटांत धरणारे आणले. त्याहून वाईट म्हणजे ते ओले असतानाच अ‍ॅक्शनचे (नळीमागच्या, गोळी झाडणाऱ्या यंत्रणेच्या धातूच्या भागाचे) दोन्ही स्क्रू जोर लावून आवळले. असे केले की अ‍ॅक्शन किंचित वाकते, इपॉक्सी त्या वाकलेल्या आकाराचाच साचा धरते आणि पुढे स्क्रू आवळताना धातूवर दर वेळी तोच ताण येतो. बेडिंगचा सारा खटाटोप हा ताण घालवण्यासाठीच असतो. त्या दुकानातून निराश झालेले शिकारी आमच्याकडे आले असते तर बोलण्याचे कारण नव्हते. पण त्यांनी बेडिंगच थोतांड ठरवले, आणि ते मला आजही सलते. आम्हाला मिलिंग मशीन विकावे लागले. हाती उरल्या त्या पटाश्या, कानशी आणि एक डायल इंडिकेटर, म्हणजे बारीकशी हालचालही काट्याने दाखवणारे मापक.

त्या काळात एक वयस्कर शिकारी मात्र टिकून राहिले. त्यांची रायफल माउझर ९८ रचनेची, दस्ता अक्रोडाचा. दमट हवेत लाकूड फुगून नळीला टेकले की तिचा नेम सरकत असे. आम्ही नळीखालची खाच मोकळी केली, पुढच्या स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमचा पिलर (नळकांड्यासारखा आधार) बसवला, कारण नुसते लाकूड स्क्रूखाली चेपत जाते, आणि रिकॉइल लगच्या (झाडतानाचा धक्का दस्त्यावर पेलणाऱ्या, धातूच्या भागाखालच्या उंचवट्याच्या) मागे इपॉक्सीचा भक्कम आधार दिला. हे काम मोजून दाखवा, असे सुचवले तेही त्यांनीच. इंडिकेटर नळीला बांधायचा, त्याचे टोक दस्त्याच्या पुढच्या भागावर टेकवायचे आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा, काटा ०.०५ मिलिमीटरहून जास्त सरकला तर ताण आहे. त्यांच्या रायफलीवर तो जेमतेम थरथरला. मग त्यांनी ओळखीच्या शिकाऱ्यांना रायफलींसह आणले, आणि ‘संध्याकाळी न्या’वाल्या रायफलींवर काटा कसा पळतो ते सर्वांनी पाहिले. आमचे दार पुन्हा वाजू लागले ते तेव्हापासून.

हल्ली पुष्कळ जण हे काम घरीच करतात. कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढून ठेवा. रिकॉइल लगच्या पुढच्या, दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या पृष्ठभागांवर टेप लावा, मागचा मोकळा ठेवा. चापाची खाच आणि स्क्रूची भोके मऊ मॉडेलिंग क्लेने बुजवा, आणि इपॉक्सी चिकटू नये म्हणून धातूला मेणाचे पॉलिश अगदी स्क्रूच्या आट्यांपर्यंत लावा. अ‍ॅक्शन इपॉक्सी घट्ट होईपर्यंत जागेवर धरायला बिनडोक्याचे खिळे आणि सैलसर गुंडाळलेली रबरी नळी पुरते. तरीही नंतर अ‍ॅक्शन दस्त्यात अडकलीच तर हातोडी उचलण्याआधी रायफल काही तास फ्रीजरमध्ये ठेवा, धातू आकसून सुटतो. शेवटी मॅगझिनची (गोळ्यांची) पेटी बोटाने हलवून पाहा. ती वरखाली थोडीशी हलली पाहिजे, कारण तीच अ‍ॅक्शनला खालून रेटत असेल तर स्क्रूचा जोर तिच्यावर येतो आणि खालचे इपॉक्सी असून नसल्यासारखे होते.