ओढ्याकाठचा तेरडा

वेस्ट यॉर्कशायरमधल्या आमच्या घरामागे छोटा ओढा आहे; इथे त्याला 'बेक' म्हणतात. गेल्या वसंतात त्याच्या काठाने, आमच्या कुंपणाच्या आत, कसलीशी रोपं दाट उगवली. लालसर पाणीदार देठ, पानांना करवतीसारख्या कडा. जुलैपर्यंत ती माझ्या डोक्यावर गेली आणि गुलाबी फुलांनी लहडली. आधीच्या मालकांनी हौसेनं लावली असतील असं समजून मी एकही उपटलं नाही.

ऑगस्टअखेरीस एका हिरव्या बोंडाला हात लागला आणि ते टचकन फुटलं. बी उडालं, साल स्प्रिंगसारखी गुंडाळली. लहानपणी आजोळच्या अंगणात हाच खेळ तासन्‌तास खेळले आहे! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "अगं, हा तेरडाच. पण एवढा उंच?"

तेरडा नव्हे, त्याचा सख्खा भाऊबंद: हिमालयन बाल्सम. आपल्या तेरड्याची पानं एकाआड एक, याची तीन-तीनच्या फेऱ्यात. आपल्याकडे फुलं पानांच्या बगलेत, देठालगत. इथे शेंड्याकडे लांब दांड्यांवर घोस. बोंडावर लवही नाही.

1839 साली हिमालयातून हे बी शोभेसाठी इंग्लंडात आलं आणि बागांमधून नदीकाठी पसरलं. एका झाडाला 800 पर्यंत बिया, त्या 7 मीटर लांब उडतात, उरलेलं काम वाहतं पाणी करतं. मधमाश्यांना याचा मध फार प्रिय. आमच्या बागेतून त्या पाठीवर पांढरे पराग घेऊन परतायच्या. पण दाट सावलीत काठाची मूळची झाडं मरतात, आणि थंडीत हा स्वतः मेला की उघडी पडलेली माती पुरात वाहून जाते. म्हणून रानात लावणं किंवा पसरू देणं इथे कायद्याने गुन्हा आहे.

उपटायला अगदी सोपा, मुळं वरवरची. तरी पहिलं रोप उपटताना माझा हात अडखळला. कोकणात गौरीला तेरडा मुळासकटच आणतात. ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. आई म्हणाली, "गौर आपल्या तेरड्याची. हा त्या ओढ्याचा जीव घेतोय, उपट."

फुलं धरण्याआधी, मे-जूनमध्ये उपटायचा, हे आता पक्कं झालंय. मातीतलं बी दोनेक वर्षं जिवंत राहतं, तेव्हा दोन-तीन वसंत तरी लागतील. ओढ्याच्या वरच्या अंगाला शेजाऱ्यांच्या हद्दीतही तो आहे, तिथलं बी पाण्याबरोबर आमच्याकडेच येणार. शनिवारी त्यांच्याकडे जाऊन दाखवणार आहे.