टांगणाऱ्याचं मनोगत

एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेत मला सी ग्रेड मिळाली, तेव्हा आपल्या शाळेतले ड्रॉइंगचे सर म्हणाले, "काढणं राहू दे, तू चित्रं लावायला ये."

स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही सुतळी, टाचण्या, हातोडी आणि गवंड्याकडून उसनी आणलेली, पातळी तपासायची पाणसळ घेऊन हजर. सरांचा हट्ट असायचा, चित्राचा मध्य पाचवीतल्या पोराच्या नजरेसमोर यायला हवा, पालक वाकतील. गॅलऱ्यांमध्ये हा मध्य साधारण ५८ ते ६० इंचांवर धरतात, हे पुढे कळलं. सरांचं माप बरंच खाली होतं आणि मला अजूनही तेच पटतं. बक्षिसाची चित्रं ते शेजारी-शेजारी लावू देत नसत. एका भडक चित्राजवळ दुसरं भडक आलं की दोन्ही कशी मरतात, हे त्यांनी अदलाबदल करून दाखवलं होतं. क्युरेटरचं, म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्याचं, खरं काम एवढंच. बाकी विम्याचे कागद आणि टेम्पोवाल्यांशी हुज्जत.

कधी रविवारी ते आम्हाला गिरगावातून जहांगीर आर्ट गॅलरीत न्यायचे. तिथल्या पायऱ्यांवर त्यांनी रूडी फॉन लायडनबद्दल सांगितलं. बर्लिनचा हा माणूस १९३३ साली मुंबईत आला. डॉक्टरेट भूगर्भशास्त्रातली, पण 'टाइम्स ऑफ इंडिया'त लिहायचा चित्रांवर! १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या तरुण कलावंतांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला, तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्या मोजक्या मंडळींत तो होता. पुढे त्याने गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा, ध्यास घेतला, त्यात सावंतवाडीच्याही आल्या. हे ऐकून माझी आजी जाम खूश, ती तिकडचीच. मला मात्र वेगळाच धीर आला: स्वतः ब्रश न धरताही चित्रांसाठी भांडता येतं तर.

मग बी.ए., वर्तमानपत्रात कलासमीक्षा, आणि हळूहळू प्रदर्शनं. १९९६ साली काउसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. तिथल्या गोलाकार भिंती पाहून पहिला विचार आला, सरांनी इथे पाणसळ कुठे टेकवली असती? "चित्रं काढतोस का रे?" असं लग्नकार्यात कुणी विचारलं की मी सांगतो, "नाही, टांगतो."

शाळेच्या महोत्सवानिमित्त जुन्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवणार असाल, तर लावायला मी येतो. हॉलच्या भिंतीत खिळे ठोकायची परवानगी तेवढी मुख्याध्यापकांनी द्यावी. आमच्या वेळी मिळाली नव्हती, म्हणून तर ती सुतळी.