नाकाला मार लागला? हाडाआधी पडदा बघा

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर चेंडू उसळून तोंडावर येतो, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारताना कुणाचं तरी कोपर लागतं, खड्ड्यात दुचाकी घसरते. नाक सुजलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘हाड मोडलं का?’ आणि एक्स-रेसाठी पळापळ सुरू होते. खरं तर हाड चार दिवस थांबू शकतं. थांबत नाही तो दोन नाकपुड्यांमधला पडदा.

आधी रक्त थांबवा. घोळणा फुटला की डोकं मागे टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. त्याने रक्त घशात उतरतं, पोटात जातं आणि उलटी होते. बसून किंचित पुढे वाका, हाडाखालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, तोंडाने श्वास घ्या. घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं. मध्येच सोडून ‘थांबलं का’ बघितलं की धरलेली गुठळी सुटते. नंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी १० मिनिटं. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन नको. त्याने रक्तस्राव वाढतो.

आता पडदा. त्याच्या पुढच्या भागातल्या कूर्चेला (हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाला) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या अस्तरातून होतं. माराने कूर्चा आणि अस्तर यांच्यामध्ये रक्त साठलं की हे पोषण तुटतं. काही दिवसांत तिथे पू होतो, कूर्चा विरघळते आणि नाकाची दांडी मधेच खचते. मुलांमध्ये धोका जास्त, कारण बाहेरून नाक सरळ दिसत असतानाही आत रक्त साठलेलं असू शकतं.

नाकाचा शेंडा अंगठ्याने हलकेच वर उचला आणि टॉर्च मारा. पडद्यावर लालसर-जांभळा, मऊ फुगवटा दिसला, किंवा नाक पूर्ण बंद होऊन ठणका वाढत गेला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ते छोटा छेद देऊन रक्त काढतात आणि पुन्हा साठू नये म्हणून नाकात पट्टी भरतात (पॅकिंग). पहिल्या दिवशी आत काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. रक्त नंतरही साठतं, म्हणून दोन-तीन दिवस रोज बघा.

नाकातून पाण्यासारखं पातळ गळत असेल आणि वाकल्यावर वाढत असेल, एकाचे दोन दिसत असतील, दात नीट जुळत नसतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर नाकात बोळे न कोंबता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

सूज तीन ते पाच दिवसांत उतरते. तेव्हा जुना फोटो शेजारी धरून आरशात पाहा. वाकडेपणा दिसला तर मोठ्यांचं हाड साधारण दोन आठवड्यांच्या आत बसवता येतं. मुलांचं लवकर जुळतं, म्हणून आठवडाभरातच. हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका. उशीर झाला तर हाड तसंच जुळतं आणि मग काही महिन्यांनी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. नाक सरळ असेल आणि श्वास मोकळा असेल, तर मोडलेल्या हाडालाही काही करावं लागत नाही.

हाड बसवल्यावर आठवडाभर पट्टी राहते. नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडून द्या, सहा आठवडे धक्काबुक्कीचे खेळ बंद.

एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, जुना मोडही नव्यासारखा भासतो. त्यामुळे उपचार तपासणीवरूनच ठरतात. मात्र मारामारीचं प्रकरण असेल तर एक्स-रे काढून घ्याच: भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणं ही गंभीर दुखापत ठरते आणि तिथे कागद लागतो.