चारांतली कुठली घ्याल?

जुन्या गाड्यांचं वेड आहे हे कळलं की कुणी ना कुणी विचारतंच: फ्रान्सच्या बुगाटी कंपनीने अटलांटिक नावाच्या चारच गाड्या बनवल्या, त्यांतली एक फुकट मिळाली तर कुठली घ्याल? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं. हरवलेली काळी, आणखी कुठली! माझं उत्तर ऐकलं की चेहरा पडतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकतो.

आधी या गाड्यांच्या पाठीवरच्या रिव्हेटांच्या शिवणीबद्दल, कारण सगळं वेड तिथून सुरू होतं. १९३५ च्या पॅरिस मोटार शोमध्ये बुगाटीने एरोलिथ नावाची नमुना गाडी मांडली. तिचा पत्रा इलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. वजनाला हलका, पण वेल्डिंगची ज्योत लागली तर पेट घेणारा. मग जोडायचा कसा? पत्र्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला उभ्या मुडपल्या, एकमेकींना भिडवल्या आणि रिव्हेट ठोकले. गाडीच्या मधोमध, छपरावरून शेपटीपर्यंत एक कणा उभा राहिला. मडगार्डांवरही तसाच. पुढच्या वर्षीपासून बनलेल्या अटलांटिक मात्र ॲल्युमिनियमच्या होत्या, आणि ॲल्युमिनियम खुशाल वेल्ड होतं. तरी ज्याँ बुगाटीने शिवण ठेवली. कंपनीचे संस्थापक एतोरे बुगाटी यांचा हा मुलगा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. दुसऱ्या कुणी घासून-पुसून लपवला असता तो सांधा त्याने मिरवला.

मी ही शिवण २०११ मध्ये पॅरिसला पाहिली, फॅशन डिझायनर राल्फ लॉरेन यांच्या गाड्यांच्या प्रदर्शनात. फोटोत ती एकसंध रेघ वाटते. वाकून पाहिलं तर एकेक रिव्हेटचं डोकं सुटं दिसतं आणि वरचा दिवा प्रत्येक डोक्यावर वेगळा चमकतो. दाराचा वरचा भाग छपरात शिरलेला, खिडकी घेवड्याच्या बीसारखी. मागच्या काचा इतक्या लहान की चालवणाऱ्याला मागचं काय दिसत असेल, देव जाणे. रखवालदाराने हटकलं तेव्हा कुठे मी सरळ उभा राहिलो.

आता मालक. अटलांटिक हा बुगाटीच्या टाइप ५७ या मॉडेलचाच एक प्रकार. टाइप ५७ च्या सातशेच्या आसपास गाड्या निघाल्या, अटलांटिक १९३६ ते १९३८ मध्ये फक्त चार. पहिली, चेसिस (सांगाडा) क्रमांक ५७३७४, लंडनच्या व्हिक्टर रॉथशिल्ड यांची. हा केंब्रिजचा प्राणिशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात तो एमआय-५ या ब्रिटिश गुप्तचर संस्थेसाठी घातपाताचे बॉम्ब उकलायचा आणि कांद्यांच्या खोक्यात दडवलेला एक बॉम्ब निकामी केल्याबद्दल त्याला जॉर्ज मेडल मिळालं. बॉम्ब शाबूत उकलणाऱ्या या माणसाच्या हाती गाडीचं इंजिन मात्र टिकलं नाही. ते बिघडलं आणि गाडी त्याच्याकडून गेली. फिरत फिरत ती अमेरिकेत पोचली. १९७१ च्या लिलावात पीटर विल्यमसन या डॉक्टरने ती ५९,००० डॉलरना घेतली तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या. २०१० मध्ये ती पुन्हा विकली गेली तेव्हा तीन-चार कोटी डॉलरची बोलवा होती. खरा आकडा कुणी जाहीर केला नाही.

शेवटची, ५७५९१, मी पाहिली ती. १९३८ मध्ये ती लंडनच्या पोप नावाच्या गृहस्थांना मिळाली आणि १९८८ मध्ये लॉरेन यांच्याकडे आली. त्यांनी ती काळी रंगवून घेतली आणि १९९० मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीच या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेचं सर्वोच्च बक्षीस मिळवलं. तिच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. लाडात वाढलेली मुलगी.

लोकांना हवी असते ती ५७४५३. ही ज्याँची स्वतःची, काळी. तो आणि त्याचे रेसर मित्र ती चालवायचे. त्यांतला विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स १९२९ ची पहिली मोनॅको ग्राँप्री जिंकलेला. पुढे ब्रिटिशांचा गुप्त हस्तक म्हणून पकडला गेला आणि नाझींनी त्याला मारलं. ज्याँ स्वतः ऑगस्ट १९३९ मध्ये रेसची गाडी तपासताना गेला. रस्त्यात आलेल्या सायकलस्वाराला वाचवायला त्याने गाडी वळवली आणि झाडावर आदळला. तीस वर्षांचा होता. काळी गाडी युद्धाच्या धामधुमीत बुगाटीच्या मोल्सहाइमच्या कारखान्यातून बोर्दोकडे रवाना झाली असावी, असा अंदाज आहे. पुढे तिचा पत्ता नाही. सापडली तर दहा कोटी युरोंच्या वर जाईल, असं खुद्द बुगाटी कंपनी म्हणते.

आणि तिसरी, ५७४७३. तिचा पहिला मालक होता झाक होल्झशू. १९५५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या एका रेल्वे फाटकावर आगगाडीने तिला धडक दिली. तेव्हाचा मालक आणि सोबतची स्त्री, दोघंही जागीच गेली. गाडीचा चोळामोळा झाला. ती कुणी वितळवली असती तरी कुणाला वावगं वाटलं नसतं. पुढे एका फ्रेंच माणसाने तो लगदा विकत घेतला आणि वर्षानुवर्षं खपून त्यातून पुन्हा गाडी उभी केली. बराच पत्रा नव्याने घडवावा लागला. म्हणून जाणकार पहिलीला आणि चौथीला अस्सल म्हणतात आणि हिच्यापाशी आले की घसा खाकरतात.

मला हवी ती हीच.

देखण्या अटलांटिकवर पैसे ओतायला रांग लागते. काळीसाठी तर माणसं न पाहिलेल्या तळघरांची स्वप्नं बघतात. हिला मात्र ती गाडीसारखी दिसतही नव्हती तेव्हा कुणीतरी घरी नेलं. त्या माणसासमोर चपटलेला पत्रा होता, त्यातून ती शिवण कुठून कुठे जात होती हे त्याला शोधून काढायचं होतं, आणि एकेक रिव्हेट पुन्हा ठोकून घ्यायचा होता. ज्याँने हौसेने ठेवलेल्या, मुळातच गरज नसलेल्या सांध्यासाठी! हे मला चारही गाड्यांच्या किमतींपेक्षा मोठं वाटतं. शिवाय पहिली किंवा चौथी घेतली तर मी तिचा रखवालदार होईन, फुंकर घालायलाही भीती वाटेल. हिला ओरखडा गेलाच तर तिने याहून वाईट सोसलंय.

“आणि उद्या काळी सापडली तर?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. तर ती आधी वकिलांकडे जाईल, मग न्यायालयात. तोवर मी तिसरीतून दोन फेऱ्या मारून आलेलो असेन. फक्त रेल्वे फाटक आलं की उतरून दोन्हीकडे बघेन, कारण त्या खिडक्यांतून खरंच फार काही दिसत नसावं.