पाठ सोडायची नाही

दहा हजार मीटरची रेस म्हणजे ट्रॅकवर २५ लॅप. पहिले सात-आठ लॅप कसे जातात कळतही नाही, ग्रुपबरोबर आपण आपोआप ओढले जातो, आणि शेवटचे तीन-चार लॅपही होऊन जातात कारण शेवट दिसत असतो. खरी रेस होते ती मधे, चौदाव्या ते विसाव्या लॅपच्या दरम्यान कुठेतरी. पुढची मुलगी हाताच्या अंतरावर असते, तिच्या सिंगलेटवर, म्हणजे बिनबाह्यांच्या जर्सीवर, घाम कुठपर्यंत उतरलाय ते दिसत असतं, तिच्या स्पाईक्सचा, खिळ्यांच्या बुटांचा आवाज आपल्या पावलांच्या आवाजात मिसळलेला असतो. मग एका वळणावर तो आवाज जरा वेगळा ऐकू यायला लागतो. एक मीटरचे दोन झालेले असतात. आपण म्हणतो वळण संपू दे, सरळ भागात भरून काढू, सरळ भाग येतो आणि दोनाचे चार होतात, आणि चाराचे दहा व्हायला मग अर्धा लॅपही लागत नाही.

मला त्या पहिल्या दोन मीटरबद्दलच लिहायचंय. माझं ठाम मत आहे की ते दोन मीटर पाय सोडत नाहीत, डोकं सोडतं. पाय दुखत नसतात असं अजिबात नाही, पाय दुखतातच, मांड्या जड होतात, श्वास पुरत नाही, पण हे सगळं तर मागच्या लॅपलाही होतं ना! मग याच लॅपला काय नवीन झालं? डोक्यात कुठेतरी ठरलं की आता बास, आणि ते इतकं गुपचूप ठरतं की आपल्याला वाटतं पायच गेले.

पाय खरंच संपले असते तर शेवटच्या लॅपला स्प्रिंट कुठून येते याचा विचार करा. ५००० आणि १०,००० मीटरच्या विश्वविक्रमांचे किलोमीटरवार स्प्लिट, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला लागलेला वेळ, पाहिले तर बहुतेक वेळा पहिला आणि शेवटचा किलोमीटर जास्त वेगवान असतो आणि मधले संथ. म्हणजे जगातले सगळ्यात तयार धावपटूसुद्धा मधे काहीतरी राखून ठेवतात, ठरवून नाही तरी ठेवतात. टिम नोक्स नावाच्या दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी यावरून मांडलं की मेंदूच शरीराला पूर्ण रिकामं होऊ देत नाही, आधीच ब्रेक लावतो. त्यावर शास्त्रज्ञांमध्ये भरपूर वाद आहे आणि त्यात पडण्याइतका माझा अभ्यास नाही, पण रेस धावलेल्या कुणालाही यातलं काहीतरी ओळखीचं वाटेल हे नक्की. मॅरेथॉनमध्येही तेच. अर्थशास्त्रज्ञांनी जवळजवळ एक कोटी मॅरेथॉन टायमिंग तपासले तेव्हा तीन तास, साडेतीन तास, चार तास या आकड्यांच्या जरा अलीकडे माणसांची गर्दी दिसली आणि जरा पलीकडे एकदम कमी. शरीराला गोल आकडा कळत नाही, तो कळतो डोक्याला, आणि तो जवळ दिसला की त्याच थकलेल्या पायांतून अजून थोडं निघतं.

मला सगळ्यात पटलेला प्रयोग २००९ चा आहे, थकव्यावर संशोधन करणारे सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. तो सायकलवर केलेला होता पण मुद्दा तोच. १६ जणांना एकदा ९० मिनिटं डोकं पिंजून काढणारं कॉम्प्युटरचं काम दिलं आणि एकदा तेवढाच वेळ नुसत्या डॉक्युमेंटरी दाखवल्या, आणि दोन्ही वेळा नंतर दमून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. डॉक्युमेंटरीनंतर सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोक्याच्या कामानंतर ६४०. हृदय, स्नायू वगैरेत हा फरक समजावून सांगेल असं काही सापडलं नाही, फक्त डोकं शिणलेलं असताना तोच जोर सुरुवातीपासून जास्त कठीण वाटत होता. हे वाचल्यापासून रेसच्या आदल्या दिवशी मी कटकटीचे फोन घेत नाही, बिलं, हिशोब, भांडणं सगळं दोन दिवस पुढे. घरचे आधी वैतागले, आता त्यांनाच सवय झाली.

आता त्या दोन मीटरमध्ये मनात काय चालतं ते. पहिल्यांदा सुरू होते घासाघीस. पुढच्या रेसला बघू, आज हवाच जड आहे, ती तर माझ्यापेक्षा फास्टच आहे, तिच्यामागे जाणं शहाणपणाचं नाही, माझ्या पेसने गेले तर शेवटी गाठेन. यातलं प्रत्येक वाक्य पटण्यासारखं असतं हाच त्याचा धोका. आणि त्याच्या खाली एक भावना असते जिच्याबद्दल आम्ही कुणीच फारसं बोलत नाही, ती म्हणजे राग. वॉर्म-अपला जिच्याबरोबर हसत-बोलत जॉगिंग केलं, जिच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली, तिचीच पाठ लांब जाताना बघून आतून जळफळाट होतो, आणि रेस संपल्यावर आपण दोघी पुन्हा गळ्यात पडून रडतो ते पण तितकंच खरं असतं. मला यात काही वाईट वाटत नाही. ती होती म्हणून तर मी त्या पेसला पोचले, एकटीने ट्रेनिंगला तो पेस माझ्या पायातून कधीच निघाला नसता.

घासाघीस सुरू झाली की तिच्याशी वाद घालायचा नाही, डोक्याला दुसरं काम द्यायचं, हा माझा उपाय. ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ मॅरेथॉनमध्ये एक ते शंभर मोजायची, तीनदा शंभर झाले की साधारण एक मैल. मी मोजत नाही, मी पुढचीच्या दोन खांद्यांच्या मधे एक जागा पकडते आणि फक्त ती जागा लहान होऊ द्यायची नाही एवढंच बघते, आणि मनातल्या मनात स्वतःशी दुसऱ्या कुणाशी बोलावं तसं बोलते, "पाठ सोडू नकोस, या वळणापर्यंत चल, मग बघू." वेडेपणा वाटेल, पण स्वतःशी बोलण्यावरही मार्कोरा यांच्या गटाचाच २०१४ चा प्रयोग आहे, ज्यांना दोन आठवडे अशी वाक्यं ठरवून वापरायला शिकवली ते आधीपेक्षा १८ टक्के जास्त वेळ टिकले. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिकवली. रेसच्या दिवशी सोळाव्या लॅपला वाक्य शोधायला गेलात तर सापडत नाही, ते इंटरव्हलच्या, म्हणजे थांबून थांबून वेगात धावायच्या सरावाच्या, शेवटच्या रिपीटला, पाऊस पडत असताना, कुणी बघत नसताना शंभरदा म्हणून झालेलं असावं लागतं.

आणि फट पडलीच तर? तर ती कायमची असते असं नाही, हे मला नेदरलँड्सच्या सिफान हसनने दाखवलं. २०२३ ची लंडन मॅरेथॉन, तिची पहिलीच. निम्मी रेस व्हायच्या आत कंबर धरून थांबली, स्ट्रेचिंग केलं, ग्रुप पुढे निघून गेला. मी स्क्रीनसमोर बसून म्हटलं संपलं हिचं. ती परत धावायला लागली, हळूहळू अंतर खात गेली, शेवटच्या टप्प्यात पुढच्यांना गाठलं आणि स्प्रिंटमध्ये जिंकली, २:१८:३३. एका झटक्यात गाठायला गेली नाही, ते मला जास्त भावलं. फट एका लॅपमध्ये भरायची घाई केली की माणूस पुढच्या लॅपला खरोखरच संपतो.

हरल्यानंतरचं मात्र वेगळंच प्रकरण आहे. मोठी रेस झाली की दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते चालतं, पण चौथ्या-पाचव्या दिवशी जे रिकामपण येतं, कशातच मन लागत नाही, बूट दाराशी पडून असतात आणि बघवत नाहीत, त्याची तयारी कुणी करून घेत नाही. आणि ते चांगल्या टायमिंगनंतर पण येतं बरं का. अशा वेळी मी केनियाच्या पॉल टेरगाटचा विचार करते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला १०,००० मध्ये इथिओपियाच्या हेले गेब्रसेलासीच्या मागे रौप्य, चार वर्षांनी सिडनीला २५ लॅप धावून ०.०९ सेकंदांनी परत त्याच्याच मागे रौप्य. त्या रात्री त्याला झोप लागली असेल का? तीन वर्षांनी, २००३ ला, बर्लिनला त्याने २:०४:५५ चा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला आणि तिथे तो फक्त एका सेकंदाने जिंकला. त्या एका सेकंदात सिडनीचं काहीतरी असणारच असं मला वाटतं.

एक गोष्ट राहिली आणि ती नवीन मुलींसाठी मुद्दाम लिहितेय, कारण पाठ सोडायची नाही म्हणजे काहीही झालं तरी धावतच राहायचं असा अर्थ काढतात आणि मग सहा-सहा महिने इंज्युरीत जातात. रॅडक्लिफ २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला ३६ किलोमीटरच्या आसपास थांबली, रस्त्याच्या कडेला बसून रडली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन चार सेकंदांनी जिंकली. थकव्याचं दुखणं पसरलेलं असतं, दोन्ही पायांत असतं, येतं-जातं. एकाच जागी टोचणारं, प्रत्येक पावलाला वाढणारं, लंगडायला लावणारं दुखणं वेगळं. ऊन्हात घाम थांबला, थंडी वाजायला लागली, समोरचं धूसर झालं, तर तिथे मनाची ताकद वगैरे दाखवायची नसते, तिथे थांबायचं आणि मदत मागायची. मी हे सगळं रेसच्या आधीच कोचशी बोलून ठेवते आणि त्यांना सांगते की तुम्ही हात वर केलात तर मी ट्रॅकवरून बाहेर येईन, प्रश्न विचारणार नाही. ते साधारण दोनशे मीटरच्या खुणेपाशी उभे राहतात, माझी चाल बिघडलेली त्यांना माझ्या आधी दिसते.