आठ गण आणि चार रेषा

नववीत वृत्तं शिकवायला घेतली की माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाई गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, पाठ करू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "अक्षरं तीन. प्रत्येक लघू नाहीतर गुरू. किती तऱ्हा होतात ते आधी मांडून बघा." आम्ही वहीत लघूला अर्धचंद्र आणि गुरूला आडवी रेघ काढत बसायचो. आठ तऱ्हा निघायच्या, नववी काही केल्या सापडायची नाही. मग बाई त्यांना नावं द्यायच्या: नमन, भास्कर, जनास, समरा, यमाचा, राधिका, ताराप, मारावा.

त्या दिवशी त्यांनी मात्राही मोजायला लावल्या, लघूची एक, गुरूच्या दोन. न गणाच्या तीन. भ, ज, स यांच्या चार-चार. य, र, त यांच्या पाच-पाच. म गणाच्या सहा. म्हणजे तीन ते सहा मात्रांचे गण क्रमाने एक, तीन, तीन, एक. पिंगलाच्या छंदशास्त्रावर हलायुधाने दहाव्या शतकात टीका लिहिली, तिच्यातल्या मेरुप्रस्तारातली, म्हणजे डोंगरासारख्या मांडलेल्या आकड्यांतली, एक ओळ ती हीच, असंही त्यांनी सांगितलं होतं. गणिताच्या तासाला पुढे तोच मेरू पास्कलचा त्रिकोण म्हणून भेटला.

एम.एस्सी.ला प्रोटॉन एनएमआर, म्हणजे चुंबकात ठेवलेल्या रेणूतले हायड्रोजन ओळखायची पद्धत, शिकताना पहिला स्पेक्ट्रम (रेषांचा आलेख) समोर आला तो इथाइल अ‍ॅसिटेटचा. पट्टीवर ४.१ पीपीएमच्या आसपास त्यातल्या सीएच-टू गटाच्या (दोन हायड्रोजन असलेल्या कार्बनच्या) चार रेषा, उंची १:३:३:१. सर सांगत होते की शेजारच्या कार्बनवर तीन हायड्रोजन, म्हणून तीन अधिक एक, चार. मला मात्र नववीतला फळा दिसत होता. ते तीन शेजारी म्हणजे तीन अक्षरं. प्रत्येकाचा स्पिन, म्हणजे त्याचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व, चुंबकाच्या दिशेने किंवा उलट. भास्कर, जनास, समरा वाचायला वेगळे, पण सीएच-टू गटाला त्यांची एकूण बेरीजच जाणवते. म्हणून तिघांची मिळून एकच रेषा, तिप्पट उंच. त्या तीन हायड्रोजनच्या मिथाइल गटाशेजारी दोनच हायड्रोजन, म्हणून तिथे दोन अक्षरांचा प्रस्तार, म्हणजे सगळ्या तऱ्हांची मांडणी: १:२:१, तीन रेषांचा ट्रिप्लेट.

"एन अधिक एक", म्हणजे जितके शेजारी त्याहून एक जास्त रेषा, हा नियम सगळे पाठ करतात. तो कुठे लागू होत नाही हे मला इथेनॉलने शिकवलं. डीएमएसओ या द्रावकात नमुना घातला, सीएच-टूचा क्वार्टेट (चार रेषा) येणार म्हणून वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. आल्या पाच रेषा. नमुना खराब झाला म्हणून मी तो दुसऱ्यांदा केला. पुन्हा पाच. रात्री हॉस्टेलवर कागद घेऊन मांडत बसले. क्लोरोफॉर्ममध्ये एरवी ओएचचा (ऑक्सिजनवरचा) हायड्रोजन इतक्या झरझर अदलाबदल करतो की शेजाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. डीएमएसओ त्याला धरून ठेवतो, आणि तो चौथा शेजारी होतो. मिथाइलचं कपलिंग, म्हणजे त्याच्यामुळे फुटलेल्या रेषांमधलं अंतर, साधारण ७ हर्ट्झ, ओएचचं ५. चार रेषांच्या प्रत्येकी दोन म्हणजे आठ व्हायला हव्या होत्या. पण ही दोन अंतरं जवळजवळची, त्यामुळे मधल्या सहा जोडीजोडीने जवळजवळ एकमेकींवर येतात आणि दिसतात पाच, साधारण १:४:६:४:१. मेरूची पुढचीच ओळ! सकाळी नळीत जड पाण्याचा थेंब टाकून हलवलं. ओएचची खूण गेली आणि समोर स्वच्छ क्वार्टेट उभा राहिला. तो आनंद अजून अंगावर येतो.

याच इथेनॉलच्या तीन गटांची तीन वेगळी शिखरं १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी दाखवली. त्यांतले धर्मट्टी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे एनएमआरचं काम उभं केलं. हे कळलं तेव्हा मला फार अभिमान वाटला.

आज औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत माझा दिवस या रेषांमध्येच जातो. नव्या मुलांना मी आधी प्रिंटच्या समासात प्रस्तार मांडायला लावते, सूत्र नंतर. परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे अर्धचंद्र कुठल्या पुस्तकातले?" मी तिला आपल्या शाळेचं नाव सांगितलं.